एपकॉट: पाडून टाकलेल्या भविष्याची गोष्ट

फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात ‘होरायझन्स’ नावाची एक राइड होती. ती संपत आली की चौघांच्या गाडीत समोर तीन बटणं उजळायची. परत कुठल्या वाटेनं जायचं ते बसणाऱ्यांनीच ठरवायचं: अंतराळातून, वाळवंटावरून की समुद्राखालून. ज्या वाटेला जास्त मतं, ती वाट. मग गाडी थोडी मागे कलायची, थरथरायची आणि समोरच्या पडद्यावर तो प्रवास सुरू व्हायचा. त्याआधी गाडी एका वाळवंटातल्या शेताजवळून गेलेली असायची. तिथे यंत्रमानव फळं तोडत असत, आणि नेमक्या त्या वळणावर संत्र्यांचा वास नाकात शिरायचा. ९ जानेवारी १९९९ला ही राइड कायमची बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिची इमारतही पाडली. तो संत्र्यांचा वास मात्र लोक विसरले नाहीत. त्या वासाच्या मेणबत्त्या बनवणारे आणि विकत घेणारे लोक अमेरिकेत आजही आहेत.

करमणुकीच्या बागेतला एखादा खेळ बंद झाला म्हणून मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं हळहळावं, हे बाहेरच्याला पोरकट वाटतं. यंत्रं जुनी होतात, गिऱ्हाइकांची आवड बदलते, धंदा करणाऱ्याला नवं काहीतरी आणावंच लागतं. हे सगळं खरं आहे. पण एपकॉटच्या जुन्या पाहुण्यांची तक्रार एवढ्यावर मिटत नाही. त्यांचं दुःख समजून घ्यायचं तर हे पार्क कशासाठी उभं राहिलं इथून सुरुवात करावी लागते.

मुळात ते पार्क नव्हतंच. १९६५च्या नोव्हेंबरमध्ये वॉल्ट डिस्नेनं फ्लोरिडातल्या आपल्या प्रकल्पाची घोषणा केली. तिथे त्याच्या कंपनीनं २७ हजार एकरांहून जास्त जमीन गुपचूप घेऊन ठेवली होती. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडसारखं एक पार्क तिथेही व्हायचं होतं, पण डिस्नेचा जीव अडकला होता तो एका शहरात. २० हजार माणसांच्या वस्तीचं शहर. मध्यभाग छताखाली, मालमोटारींचे रस्ते जमिनीखाली, वर मोनोरेल आणि न थांबता फिरणाऱ्या छोट्या गाड्या. अमेरिकी उद्योगांनी आपलं नवं तंत्रज्ञान तिथे रोजच्या जगण्यात वापरून दाखवायचं, अशी ती कल्पना. ‘एपकॉट’ हे नाव त्या प्रायोगिक शहराचं. ऑक्टोबर १९६६मध्ये डिस्नेनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून नकाशे दाखवत हा बेत समजावून सांगितला आणि १५ डिसेंबरला तो वारला.

भाऊ रॉय डिस्नेनं निवृत्ती पुढे ढकलून १ ऑक्टोबर १९७१ला मॅजिक किंगडम हे पार्क उभं करून दाखवलं, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. शहर वसवण्याची हिंमत मागे राहिलेल्यांत नव्हती. शहर चालवायचं म्हणजे रहिवासी आले, त्यांचे हक्क आले, मतदान आलं. मग नाव तेच ठेवून कल्पना बदलली. कंपनीच्या रचनाकारांपुढे दोन वेगवेगळे प्रस्ताव होते, एक भविष्याच्या दालनांचा आणि दुसरा जगातल्या देशांच्या प्रदर्शनाचा. त्यांनी दोन्ही नमुने टेबलावर एकमेकांना चिकटवले आणि त्यातून एपकॉट सेंटर जन्मलं, असं सांगतात. १ ऑक्टोबर १९८२ला ते उघडलं. खर्च झाला होता सुमारे १ अब्ज डॉलर. म्हणजे जुने पाहुणे ज्या एपकॉटसाठी हळहळतात, तेच मुळी एका मोठ्या स्वप्नाला कात्री लावून बनलेलं होतं. हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि तरीही त्यांचं त्याच्यावर प्रेम आहे.

पहिल्या दिवसापासून तिथे मिकी माउस नव्हता. हे मुद्दाम ठरवलेलं होतं. मॅजिक किंगडममध्ये परीकथा. इथे माणसानं काय केलं आणि पुढे काय करू शकेल, त्याची गोष्ट. दारातच १८० फूट उंचीचा ‘स्पेसशिप अर्थ’ हा गोल, ११,३२४ त्रिकोणी पत्र्यांचा. पावसाचं पाणी त्यावरून खालच्या माणसांच्या डोक्यावर पडत नाही. ते आतल्या पन्हळींतून गोळा होऊन पलीकडच्या तळ्यात जातं. गोलाच्या आतली राइड गुहेतल्या चित्रांपासून संगणकापर्यंतच्या संवादाच्या इतिहासातून फिरवते. तिच्या मूळ कथनाला लेखक रे ब्रॅडबरीचा हात लागला होता. ऊर्जेच्या दालनात तर पाचशेहून जास्त माणसांचं अख्खं प्रेक्षागृहच सहा तुकड्यांत सुटं व्हायचं आणि खुर्च्यांसकट डायनासोरांच्या जंगलात शिरायचं. छपरावर ८० हजार सौर घट बसवलेले होते. आजही चालू असलेल्या ‘द लँड’मध्ये नाव खऱ्या हरितगृहांतून जाते, आणि तिथला भाजीपाला पार्कातल्या खानावळींत वापरतात.

तळ्यापलीकडे देशांची दालनं: सुरुवातीला ९, पुढे मोरोक्को आणि नॉर्वे मिळून ११. भारत त्यात कधीच आला नाही, ही गोष्ट ओरलँडोला मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या चटकन लक्षात येते.

होरायझन्स या सगळ्याचा कळस होती. सुरुवातीला जुन्या लोकांनी भविष्य कसं कल्पिलं होतं ते दिसायचं, ज्यूल व्हर्नपासून पुढे. मग एका कुटुंबाची गोष्ट: कोणी अंतराळ वसाहतीत, कोणी समुद्राखालच्या गावात, कोणी वाळवंटातल्या शेतावर. शेवटी घरातल्या पोराचा वाढदिवस, आणि दूर दूर राहणारे नातलग हवेत उमटणाऱ्या चित्रांतून त्याला हजर. हे दृश्य १९८३चं आहे. पुण्याची आजी आणि न्यू जर्सीचा नातू आज रोज जे करतात ते तेव्हा जादू म्हणून दाखवलं जात होतं. आणि त्या जादूचा उपयोग काय, तर पांगलेल्या माणसांना एकत्र आणणं. तंत्रज्ञानाकडे इतक्या घरगुती नजरेनं पाहणारी दुसरी राइड सापडणं कठीण आहे.

पण या दालनांचा पाया पैशाच्या दृष्टीनं भुसभुशीत होता. प्रत्येकाला एक प्रायोजक कंपनी होती. ऊर्जेला एक्सॉन, वाहतुकीला जनरल मोटर्स, कल्पनाशक्तीला कोडॅक, होरायझन्सला जनरल इलेक्ट्रिक, आणि त्या मोठ्या गोलाला टेलिफोनची बेल सिस्टीम. करार ठरावीक वर्षांच्या मुदतीचे. बेल सिस्टीमचे तर १९८४च्या पहिल्याच दिवशी न्यायालयीन तडजोडीतून तुकडे झाले आणि तिची जागा एटी अँड टीला घ्यावी लागली. ऊर्जेचा इतिहास तेल कंपनीनं सांगावा यात काय गफलत आहे ते वेगळं सांगायला नको. जुन्या एपकॉटच्या आठवणींत हा जाहिरातीचा भाग बऱ्याचदा गाळला जातो, तो गाळू नये. तरीही एक गोष्ट खरी: करार चालू असेपर्यंत दालनाची निगा राखायला पैसा होता, आणि करार संपला की नव्हता.

जनरल इलेक्ट्रिकचा करार १९९३ला संपला. १९९४च्या अखेरीस होरायझन्स बंद केली. वर्षभरानं ती पुन्हा उघडली, पण त्याचं कारण तिच्यावरचं प्रेम नव्हे. शेजारची ऊर्जा आणि वाहतुकीची दालनं दुरुस्तीसाठी बंद होणार होती, आणि पाहुण्यांना फिरवायला काहीतरी चालू हवं होतं. त्या उसन्या तीन वर्षांत जुन्या पाहुण्यांनी जे केलं ते नियमांत बसणारं नव्हतं. काहीजण चालत्या गाडीतून उतरून देखाव्यांच्या मागे शिरले आणि कोपरा न कोपरा कॅमेऱ्यात टिपून घेतला. ते धोक्याचंच होतं. पण त्या इमारतीच्या पोटातलं आज जे दिसतं, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे दिसतं.

नंतर त्या जागेवर २००३मध्ये ‘मिशन: स्पेस’ आलं. गरगर फिरवून अंतराळयानाच्या उड्डाणाचा दाब अंगावर आणणारं यंत्र. त्याआधी वाहतुकीच्या इतिहासाचं विनोदी दालन जाऊन १९९९ला वेगवान मोटारींचा ‘टेस्ट ट्रॅक’ आला होता. ऊर्जेचं दालन १९९६ला एका टीव्ही विनोदी अभिनेत्रीच्या स्वप्नात रूपांतरित झालं आणि ऑगस्ट २०१७मध्ये बंद पडलं. तिथे मे २०२२मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’चा बंदिस्त रोलरकोस्टर सुरू झाला. तो उत्तम आहे, त्यावर बसून आलेले जुने पाहुणेसुद्धा तसं म्हणतात. पण या सगळ्या बदलांची दिशा एकच होती. पंधरा मिनिटं किंवा पाऊण तास शांत बसून काही ऐकायचं, पाहायचं, त्याऐवजी तीन-चार मिनिटांचा थरार. आठ वर्षांच्या मुलालाही गुटेनबर्गचा छापखाना किंवा समुद्रतळाची शेती आवडू शकते, या विश्वासावर १९८२चं पार्क उभं होतं. तो विश्वास काढून घेतला गेला. दुखणं इथे आहे.

सर्वांत खोल जखम कोडॅकच्या दालनात झाली. ५ मार्च १९८३ला तिथे ‘जर्नी इंटू इमॅजिनेशन’ उघडली. लाल दाढीचा, निळ्या कोटातला ड्रीमफाइंडर हा स्वप्नं गोळा करणारा म्हातारा, आणि त्याच्या कल्पनेतून जन्मलेला फिगमेंट: जांभळ्या अंगाचा, इवल्याशा पंखांचा, बैलाच्या शिंगांचा अवखळ ड्रॅगन. टोनी बॅक्स्टर या रचनाकाराच्या हाताखाली ते घडलं, गाणं शर्मन बंधूंचं. सुरुवातीच्या प्रसंगासाठी गाड्या एका प्रचंड फिरत्या चकतीभोवती चालत. देखावाही त्याच गतीनं बरोबर फिरे. त्यामुळे चालत्या राइडमध्येही प्रेक्षक थांबून नाटक पाहतोय असं वाटायचं.

बाहेर अंगणात खराखुरा नट ड्रीमफाइंडर होऊन फिरत असे, हातावर फिगमेंटची बाहुली घेऊन. त्याचे दोन्ही हात फिगमेंटला धरलेले दिसत, पण त्यातला एक खोटा, कोटाला जोडलेला. खरा हात बाहुलीच्या आत. मुलं फिगमेंटशी बोलत आणि तो मान वळवून, डोळे फिरवून उत्तर देई. डिस्नेच्या जुन्या चित्रपटांतून उसनी न घेतलेली, या पार्कातच जन्मलेली ही जोडगोळी होती. वरच्या मजल्यावर ‘इमेज वर्क्स’ होतं: रंगीत निऑनच्या कमानींचा बोगदा, पाय ठेवला की सूर काढणारी जमीन, हात हलवून वाद्यवृंद चालवायचं टेबल.

ऑक्टोबर १९९८मध्ये हे बंद झालं. १ ऑक्टोबर १९९९ला नवी आवृत्ती उघडली तेव्हा ड्रीमफाइंडर नाहीसा झाला होता आणि फिगमेंट ओझरता दिसण्यापुरता उरला होता. राइडची लांबी निम्म्याहून कमी. ती फिरती चकती गेली. वरच्या मजल्याचा जिना पाहुण्यांना बंद. ड्रीमफाइंडरच्या जागी एक शास्त्रज्ञ पाहुण्यांची कल्पनाशक्ती मोजायचा आणि ती कमी भरते असं सांगायचा. कल्पनाशक्तीच्या दालनात येणाऱ्याला असं सांगायचं कोणाच्या डोक्यातून निघालं असेल! तक्रारींचा असा पाऊस पडला की दोन वर्षांतच, ऑक्टोबर २००१मध्ये, कंपनीला ती आवृत्ती बंद करावी लागली. जून २००२मध्ये तिसरी आली, त्यात फिगमेंट परतला. थीम पार्कच्या इतिहासात पाहुण्यांच्या नाराजीनं राइड बदलायला लावल्याची उदाहरणं मोजकीच आहेत. हे त्यांतलं ठळक.

ही ताकद नेहमी चालत नाही. शेजारच्या मॅजिक किंगडममध्ये १९७१पासून ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ होती. ती बंद होणार असं कळल्यावर १९९७-९८मध्ये चाहते हिरवे टी-शर्ट घालून राइडसमोर जमले, कंपनीला पत्रं धाडली. ७ सप्टेंबर १९९८ हा तिचा शेवटचा दिवस ठरलाच. तिथे आलेल्या विनी द पूच्या राइडमध्ये एक चित्र टांगलेलं आहे: टोड घुबडाच्या हाती जागेचा दस्तऐवज सोपवतो आहे. बांधणाऱ्यांतही हळहळणारे होते, त्याची ही सही.

आणि प्रत्येक हळहळ न्याय्य असते असंही नाही. ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातून कोसळणारी राइड १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर बेतलेली होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं मळ्यावरचं आयुष्य गोड करून दाखवणारा हा चित्रपट डिस्नेनं स्वतःच कित्येक दशकं दडवून ठेवला होता. २०२०मध्ये राइड बदलण्याची घोषणा झाली, २०२३मध्ये ती बंद झाली, आणि २०२४मध्ये तिथे राजकन्या टियानाची राइड आली. जुन्या राइडचं पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायला ठेवणारेही निघाले. पाण्यात भिजल्याच्या, किंचाळल्याच्या आठवणी खऱ्या आहेत, त्या कोणी हिरावून घेत नाही. पण ज्या गोष्टीवर ती राइड उभी होती ती बाजूला सारायला हवीच होती. होरायझन्सचं तसं नाही. तिच्या गाभ्यात लाज वाटावी असं काही नव्हतं.

या दोन टोकांच्या मध्ये नॉर्वेचं दालन येतं. १९८८पासून तिथे ‘मेलस्ट्रॉम’ होती: व्हायकिंगांच्या नावेतून, राक्षसी ट्रोलांच्या शापानं मागे ढकलले जात, तेलविहिरींच्या वादळी समुद्रापर्यंत. शेवटी नॉर्वेवरचा एक छोटा माहितीपट. खूप लोक तो न पाहताच समोरच्या दारानं बाहेर पडत, हे मान्य. ऑक्टोबर २०१४मध्ये ही राइड बंद करून जून २०१६मध्ये ‘फ्रोझन’ चित्रपटाची राइड आणली. मुली खूश झाल्या, रांगा लांबल्या. पण खऱ्या देशांची ओळख करून देण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर आता एरेंडेल नावाच्या, नकाशावर नसलेल्या राज्यात नेणारी नाव चालते. जुन्या पाहुण्यांना खटकलं ते हे. मेक्सिकोच्या दालनातही २००७पासून डोनाल्ड डक आहे. जिथे मिकीलाही मज्जाव होता तिथे आता चित्रपटांच्या पात्रांवाचून पान हलत नाही.

कंपनी यावर वॉल्ट डिस्नेचाच दाखला देते: जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पुरं होणार नाही, असं तो म्हणाला होता. ते त्यानं पाळलंही. १९५५ला उघडलेल्या डिस्नेलँडमधली सर्कस पहिल्या काही महिन्यांतच गुंडाळली, घोड्यांच्या बग्ग्या १९५९ला थांबवल्या. जुने पाहुणे हे नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की डिस्ने काढायचा तेव्हा त्या जागी अधिक मोठी कल्पना ठेवायचा. कॅलिफोर्नियात १९६७ची पीपलमूव्हर ही राइड १९९५ला बंद केली, तिच्याच रुळांवर १९९८ला आणलेली रॉकेट रॉड्स दोन-तीन वर्षांत बंद पडली, आणि ते रूळ आजतागायत पाहुण्यांच्या डोक्यावर रिकामे उभे आहेत. याला कल्पनाशक्तीचा विस्तार कसा म्हणणार?

त्यात पैशांची टोचणी वाढली. रांग टाळायची फास्टपासची सोय १९९९पासून फुकट होती. २०२०च्या टाळेबंदीनंतर ती परतली नाही, आणि ऑक्टोबर २०२१पासून त्याच सोयीसाठी वेगळे पैसे पडू लागले. विमानतळावरून हॉटेलात राहणाऱ्यांना नेणारी मोफत बस २०२२च्या सुरुवातीला संपली. वर्षानुवर्षं येणाऱ्या कुटुंबाला हे आधी जाणवतं, कारण त्याच्याजवळ तुलना करायला जुन्या पावत्या असतात.

या नाराजीतून एक मोठं काम उभं राहिलं. घरच्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या टेप शोधायच्या, त्यांतले आवाज स्वच्छ करायचे, दोन-तीन टेप जोडून बंद राइडचा पूर्ण प्रवास पुन्हा उभा करायचा. काहींनी होरायझन्सचा आराखडा संगणकात बांधून तिच्यात आभासी फेरी मारता येईल अशी सोय केली. बंद पडलेल्या पार्कांचा इतिहास सांगणारी ‘डिफंक्टलँड’ ही माहितीपटांची मालिका २०१७मध्ये सुरू झाली. ती पाहणाऱ्यांत होरायझन्स पाडल्यावर जन्मलेली पोरंही आहेत. त्यांची हळहळ बालपणाची असूच शकत नाही. ती एका कल्पनेची आहे.

कंपनीलाही हे उमगू लागल्याच्या खुणा आहेत. मिशन: स्पेसच्या रांगेतल्या मोठ्या चाकाच्या मध्यभागी होरायझन्सचं बोधचिन्ह आहे. २०१९पासून पार्कात जुनी चिन्हं नव्यानं वापरात आली. २२ जुलै २०२५ला टेस्ट ट्रॅकची तिसरी आवृत्ती उघडली तेव्हा तिची प्रेरणा १९८२च्या वाहतूक दालनातून घेतल्याचं कंपनीनं जाहीरपणे सांगितलं. स्पेसशिप अर्थची मात्र २०२०मध्ये ठरलेली दुरुस्ती साथीमुळे लांबली ती लांबलीच, आणि तिथे २००७च्या आवृत्तीतलं ज्युडी डेंचचं निवेदन चालू राहिलं.

जानेवारी २०२२मध्ये एपकॉटच्या कला महोत्सवात फिगमेंटच्या आकाराचं पॉपकॉर्नचं प्लास्टिकचं भांडं विकायला आलं. त्यासाठी लोक पाच-पाच तास रांगेत उभे राहिले. बातम्यांत त्याची थट्टा झाली, आणि भांडी दामदुपटीनं विकणाऱ्यांनी हात धुऊन घेतले हेही खरं. पण ज्या ड्रॅगनला १९९९मध्ये अनावश्यक ठरवून बाजूला सारलं होतं, त्याला लोक किती घट्ट धरून आहेत हे त्या दिवशी कंपनीच्या गल्ल्यावर दिसलं. सप्टेंबर २०२३मध्ये फिगमेंट पुन्हा पाहुण्यांना भेटू लागला. राइड मात्र २००२चीच आहे. मूळ राइड पंधरा वर्षं चालली. घाईनं केलेली ही डागडुजी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकली. जुन्या पाहुण्यांची मागणी साधी आहे आणि त्यांनी ती सोडलेली नाही: वरचा मजला पुन्हा उघडा, ड्रीमफाइंडरला परत आणा, आणि मुलांना पंधरा मिनिटं बसून एक गोष्ट ऐकू द्या.